खिळेचाचांचा काटा

खिळेचाचांना इंग्रजी उलटं वाचता येत असे, सुलटं नीट येत नसे. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले होते. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं असतं, आणि हातातल्या पट्टीवर ओळ लागते ती डोक्यावर उभी. त्यामुळे टेबलापलीकडचा माणूस कागदावर काही लिहू लागला की चाचा अलीकडून ते घडाघडा वाचत. तोच कागद कोणी त्यांच्याकडे फिरवून दिला की चष्मा पुसत, शब्दावर बोट ठेवत, दर ओळीला थांबत. "सरळ केलं का मले जड जाते, भाऊ," म्हणत.

छापखाने होते तेव्हा प्रत्येक गावात असा एक माणूस असे. बोटांची टोकं काळी, चष्म्याला दोरा, आणि खिशात गुळाचा खडा. पोटात गेलेलं शिसं गुळानं बाहेर पडतं अशी त्या लोकांची समजूत होती. चाचा दिवसातून चारदा गूळ खात. छापखाना बंद झाल्यावरही खात. शिसं गेलं नाही ते नाहीच, पुढे हात थरथरायला लागले. पण ते नंतरचं.

मी मूळचा नागभीडजवळच्या एका खेड्यातला. आमचं घर तलावावर मासे धरणारं. आई बाजारात मासोळी विकायला बसे आणि मी तिच्या बाजूला. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, पिशवीकडे पाहायचं, पिशवीचं तोंड उघडलं की भाव सोडायचा नाही, हे मी दहाव्या वर्षी शिकलो. पुढे भंगार घेतलं, टेलिफोन बूथ चालवला, आणि दोन हजारच्या आसपास चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत एका बंद पडलेल्या छापखान्याची खोली घेतली. तिथे मला इंटरनेटचं दुकान टाकायचं होतं. कोणी मला काही दिलं नाही. जे आहे ते भांडून घेतलेलं आहे, म्हणून माझा आवाज चढा आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझ्या आवाजाचा संबंध येणार आहे.

छापखान्याच्या मालकाने खोलीसोबत ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या पेट्या वजनावर विकल्या. मीच घेतल्या. हमाल पेट्या उचलत होते तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर एक म्हातारा बसलेला दिसला. तो उठला आणि एका उथळ खणावर हात ठेवला.

"हा नाई," तो म्हणाला.

"काऊन?"

"यात रोजचे खिळे नाई. हे कोणाच्या कामाचे नाई."

"शिसं तं शिसंच आहे, चाचा. वजनात जाते."

त्यांनी हात काढला नाही. मी भाव करायला तयारच होतो. पण चाचांशी भाव करता येत नसे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते एकदा बोलत आणि गप्प होत. समोरचा बोलत राही, बोलता बोलता खाली येई, आणि शेवटी त्यांच्या म्हणण्यापाशी येऊन थांबे. मी त्यांना म्हटलं, सकाळी दुकान उघडायला, झाडायला, माठ भरायला मला माणूस लागतो, ते काम तुम्ही करा, त्याच्या बदल्यात खण राहू देतो. ते म्हणाले, "खण, अन् रोज अर्धा तास मशीनवर. तीन नंबरच्या." तेव्हा दुकानात एकही मशीन आलं नव्हतं. तीन नंबर कुठून काढला, विचारलं तर म्हणाले, "खिडकीजवळ येईल ते." मी पाव तास म्हटलं. त्यांनी चपला पायात घातल्या. मी अर्धा तास कबूल केला.

त्या खणात काय होतं ते त्यांनीच मला सांगितलं. सिरोंच्याकडे कोण्या पाद्रीसाहेबाचा छोटा छापखाना होता म्हणे. त्याला फार जुन्या इंग्रजीतल्या प्रार्थना छापायचा नाद होता, म्हणून त्याने विलायतेहून जुनी अक्षरं मागवली होती. आता इंग्रजीत कोणी लिहीत नाही अशी. साहेब गेला, खिळे लिलावात फिरत फिरत चंद्रपुरात आले आणि पन्नास वर्षं त्या खणात पडून राहिले. एक अक्षर जोडलेल्या दोघांचं होतं. त्याला चाचा जुळे म्हणत. एकाच्या डोक्यावर आडवी काडी होती. एक लांब स होता, उंच आणि पुढे वाकलेला. आणि एक होता काटा. इंग्रजी बी आणि पी एकाच दांड्यावर बसवले तर कसे दिसतील, तसा. त्याचा उच्चार थ. साहेबाच्या भाषेत त्या अक्षराचं नावच काटा, असं चाचांच्या उस्तादानं त्यांना सांगितलेलं.

चाचांची बायको लवकर वारली. मुलगा थोरला, मुलगी मुन्नी धाकटी. मुलीला घरात सोडता येत नसे म्हणून ते तिला छापखान्यात आणत. छपाई झाली की खिळे परत आपापल्या खणात टाकावे लागतात. ते काम तिला देत, आणि कंटाळली की हा खण खेळायला. मुन्नी अक्षरं शिकली ती या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. शाळेत बाईंनी तिला पहिले तीन महिने मूर्ख समजलं. पुढे तीच शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन मस्कतला गेली. तिथे एका कार्यालयात ती दिवसभर कॉम्प्युटरवर बसत असे.

दुकान सुरू झालं आणि चाचांचा अर्धा तासही सुरू झाला. त्या वेळी ईमेलात मराठी किंवा उर्दू नीट जात नसे, चौकटी उमटत. म्हणून बाप लेकीला इंग्रजीत लिही. कीबोर्डवर त्यांचा हात बसायला दोन महिने लागले. "यानं खण कुठी ठेवले, काई समजत नाई," म्हणत. मग एक दिवस मुन्नीचं पत्र आलं. तिनं कळवलं होतं की डाव्या हातानं एक बटण दाबून धरायचं, उजव्या हातानं चार आकडे मारायचे, की काटा येतो. आडव्या काडीवाला येतो. जुळेही येतात. चाचांनी खिडकीच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने ते आकडे लिहून ठेवले. पहिल्यांदा काटा पडद्यावर उमटला तेव्हा ते खुर्चीवरून उठले, मागे गेले, डोकं वाकडं करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाह्यलं का, सरळ उभा आहे. मी याले सरळ कधी पाह्यलाच नव्हता."

लांब स मात्र त्या यादीत नव्हता. मुन्नीला तो सापडला नाही. चाचांनी त्याचा एक खिळा काढून शर्टाच्या खिशात ठेवला, गुळाच्या शेजारी. "याले तिथीबी जागा नाई भेटली," म्हणाले.

तेव्हापासून चाचा जे काही इंग्रजी लिहीत त्यात ही अक्षरं असत. मुन्नीला पत्र असो, नळाच्या पाण्याची तक्रार असो की बँकेला विचारणा असो. जिथे थ यायचा तिथे काटा. लोक हसत. बाजूच्या मशीनवरचा कोळसा खाणीतला बाबू त्यांना रोज विचारी, "काय चाचा, आज किती काटे पेरले?" चाचा म्हणत, "तुह्या पायाले लागले का सांग."

पण एकदा आरमोरीच्या एका शिक्षिका बाईंचा बदलीचा अर्ज त्यांनी टाईप करून दिला. मी दुकानात नव्हतो. अर्ज कार्यालयातून परत आला, नीट टाईप करून आणा म्हणून. बाईंनी तो माझ्या टेबलावर आपटला. "हे काय सोडलं माझ्या अर्जात? तिथला क्लार्क म्हणते, बाई, याले कीड लागली." मी गिऱ्हाइकांसमोर चाचांवर ओरडलो. वयाकडे पाहिलं नाही. दुकान माझं आहे, इथे तमाशा चालणार नाही, रिकाम्या अक्षरांपायी माझी गिऱ्हाइकं तोडता काय, सगळं बोललो. चाचांनी ऐकून घेतलं. कानांनी त्यांना कमीच ऐकू येई, ट्रेडलच्या खटखटीने कान गेलेले, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी माठ भरून झाल्यावर म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या कागदात तुह्यं अक्षर. माह्या अर्ध्या तासात माह्यं."

"पण काऊन, चाचा? कोणाले समजत नाई ते."

"बेकार झालेल्याले कोणी हाका मारत नाई, भाऊ. मी मारून राह्यलो. तुह्यं काय जाते?"

माझं काही जात नव्हतं. मी सोडून दिलं. म्हाताऱ्याची हौस आहे, असं मनात धरून ठेवलं, आणि ते धरून ठेवणं पुढे महागात पडलं.

त्यांच्या उलट्या वाचनाचा मी एकदा फायदा घेतला. नागपूरचा एक व्यापारी जुने कॉम्प्युटर घेऊन लॉजवर उतरला होता. मी चाचांना बरोबर नेलं आणि त्या माणसासमोर बसवलं. आमची खूण आधी ठरली होती. तो आपल्या वहीत आकडे मांडेल तेव्हा चाचा समोरून वाचणार. अजून खाली येईल असं दिसलं तर कान खाजवणार, शेवटचा आकडा आला की गूळ तोंडात टाकणार. चाचांनी तीनदा कान खाजवला आणि मग गूळ खाल्ला. मी तिथेच हात पुढे केला. चार मशीन घेतली. परतताना मी खुशीत होतो.

"एक डाव झालं," चाचा म्हणाले. "पुन्हा नाई."

"काऊन? त्याले कुठी समजलं?"

"खूण दोघाची रायते. तिनं तिसऱ्याले ठगवलं का ती खराब होते."

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

चाचांचा थोरला मुलगा त्यांच्याच घरात राही. त्याला ते घर विकून बल्लारशाला जायचं होतं. चाचा कबूल नव्हते, आणि कागदावर मुन्नीचीही सही लागत होती. बापाचा ईमेलचा पासवर्ड भिंतीवरच्या त्या आकड्यांखालीच लिहिलेला. कोणीही वाचावा. मुलाने दुसरीकडून बापाच्या नावाने बहिणीला लिहिलं, मी दवाखान्यात आहे, कागद पाठवतो, सही करून दे. मुन्नी कागदाची वाट न पाहता मिळेल त्या विमानाने निघून आली. स्टेशनवरून रिक्षा करून ती आधी माझ्या दुकानात आली, कारण बापाला कुठल्या दवाखान्यात ठेवलंय ते मला माहीत असेल असं तिला वाटलं. चाचा तीन नंबरवर बसून चिवडा खात होते. ती बॅग खाली टाकून दारातच बसली. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

"अब्बा, तुमी तं मरून राह्यले होते."

"कोण म्हणते?"

"तुमीच म्हणता. पत्रात."

चाचांनी ते पत्र उघडायला लावलं, वाचलं, आणि मुलाचं नाव घेतलं नाही. मुन्नी माझ्याकडे वळली. "भाऊ, जरा चहा सांगता का?" मी टपरीवर गेलो. परत आलो तेव्हा बापलेक पडद्याजवळ डोकी लावून काही बोलत होते, मला पाहून थांबले. माझ्याच दुकानातून मला चहाला पाठवलं, हे मला तेव्हाच लागलं होतं. मी बोललो नाही. पण विसरलोही नाही.

ती परत गेली. दर शुक्रवारी नमाजानंतर चाचा तिला पत्र लिहीत, ते चालू राहिलं. पुढे दोन वर्षांत त्यांचे हात फार थरथरू लागले, डोळ्यांत मोतीबिंदू आला. माठ भरायचं काम मी काढून घेतलं. अर्धा तास राहू दिला.

मग तो मे महिना. आमच्याकडचा मे कसा असतो हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं. पण त्या दिवशी बारावीचा निकाल लागला होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लाईन सारखी तुटत होती, कूलर गरम हवा फेकत होता, प्रत्येक जण आपला नंबर माझ्या कानात सांगत होता. सोमवार होता. त्या गर्दीत डोक्यावर ओला दुपट्टा टाकून चाचा आले. त्यांचा दिवस नव्हता, वेळही नव्हती.

"तीन नंबर दे," म्हणाले. चेहरा उतरलेला. भिंतीला धरून उभे होते.

मी तीन नंबरवरच्या पोरींना उठवलं. चाचा बसले. डाव्या हाताने बटण धरलं, उजवा हात आकड्यांवर नेला. बोट भलतीकडेच पडलं. पडद्यावर उलटं प्रश्नचिन्ह उमटलं. त्यांनी पुसलं, पुन्हा मारलं. या वेळी आणखी काही. मागे लोक चुळबुळायला लागले. मी मोजलं नाही, पण आठ-नऊ वेळा तरी केलं असेल. एक बाई म्हणाली, "आजोबाईले म्हणा, उद्या खेळा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "उठा चाचा. सांगा, मी लिहितो."

ते उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि हळू आवाजात सांगितलं, "मुन्नी, सुटी घेऊन ये. माह्याच्यानं आता होत नाई. तुले पाहाचं आहे." मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं. तीनच ओळी. ते वाकून म्हणाले, "माह्या अक्षरात लिही, भाऊ."

मी लिहिलं नाही. भिंतीवरचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते, हात माझे थरथरत नव्हते. दहा सेकंदांचं काम होतं. पण मागे गर्दी होती, आणि मला वाटलं, एवढं गंभीर पत्र, साधं असलेलं बरं, त्या अक्षरांची तिकडे चौकट दिसली तर वाचणार कशी. असं वाटलं असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मी वैतागलो होतो.

"लिहिलं का?" त्यांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"लिहिलं," मी म्हटलं, आणि पाठवून दिलं. सकाळची मासोळी आहे म्हणून शिळी विकताना जो आवाज लागतो, तोच आवाज होता.

चाचा पुन्हा दुकानात आले नाहीत. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. खाटेवर होते. मी पायथ्याशी न बसता डोक्याकडे उभा राहिलो.

"उत्तर आलं का?"

"लाईन बंद आहे, चाचा. आली का पाहतो."

ते पडल्या पडल्या खालून माझ्या तोंडाकडे पाहत होते. उलटं. उलटं त्यांना नेहमीच बरोबर वाचता येई.

"लाईन चालू आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "फोन लावतो ना मस्कतले. तुमाले ऐकू नाई आलं तं मी सांगतो तिले."

"नको. तिनं वाचलं. माह्या अक्षरातलं वाचलं, अन् नाई आली." मग म्हणाले, "लेकीले फोनवर लाजवू नको."

नंतर चार वेळा गेलो. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. पाणी मागत, गूळ मागत. अकराव्या दिवशी गेले. उशीजवळ ठेवलेला शर्ट सुनेने धुवायला काढला तर खिशातून लांब स निघाला. सुनेला तो काय आहे ते कळलं नाही, तिने खिडकीत ठेवून दिला.

थोरल्याने बहिणीला फोन केला तेव्हा तिने त्याचा आवाज ऐकून ठेवून दिला. शेजारच्या बाईंनी केला तेव्हा विश्वास ठेवला. मुन्नी आली तोवर सगळं उरकलं होतं. पाचव्या दिवशी ती दुकानात आली. या वेळी बॅग नव्हती. तीन नंबरवर बसली, बापाचा पासवर्ड घातला आणि शेवटचं पाठवलेलं पत्र उघडलं.

"भाऊ, हे पत्र मले भेटलं होतं," ती म्हणाली. "यात काटा नाई."

मी पडद्याकडे वाकून पाहिलं.

"तुमाले चहाले धाडलं त्या वेळी आमी ठरवलं होतं. काटा असला तरच अब्बा. नसला तं कोणी काईबी लिहो, मरतो म्हणून लिहो, मी खरं मानाचं नाई. मले वाटलं भाईजाननं पुन्हा लिहिलं. मी शुक्रवारच्या पत्राची वाट पाहून राह्यली होती. तो शुक्रवार खाली गेला, तं म्हटलं पुढच्याले येईन." तिने पडद्यावरून नजर काढली नाही. "भाईजान आला होता का इथी?"

खरं सांगायला दोन शब्द पुरे होते. मी व्यापारी माणसाचं उत्तर दिलं.

"दुकानात शंभर माणसं येतात, बाई. मी कोणाकोणाले पाहू?"

तिने मान हलवली. तिला पाहिजे ते उत्तर तिने त्यातून घेतलं. मी खण काढून तिच्यापुढे ठेवला, घेऊन जा म्हटलं. तिने त्यातले काटे वेचले, मोजके होते, रुमालात बांधले. बाकीचा खण परत सरकवला. जाताना माझ्या पाया पडली. माझ्या बापाले तुमी बसाले जागा दिली, असं काहीतरी म्हणाली. मला धड ऐकू आलं नाही.

त्यानंतर मी फार चिडलो. चाचांवर चिडलो. दुकानाची किल्ली माझ्यावर विश्वास टाकून तुम्ही घेतली, मी तुमच्यावर टाकून दिली. माझ्यासोबत खूण करून एका माणसाला तुम्ही फसवलंत. आणि ही एक गोष्ट मला सांगता आली नाही? 'माह्या अक्षरात लिही' एवढंच म्हणालात. त्याच्यापुढे एक वाक्य जोडलं असतं, तर मी गर्दी बाहेर काढून, शटर पाडून तो काटा मारला असता. मला ही तक्रार आजही आहे. ती घेऊन मी दोन वर्षं काढली, आणि खोटं कशाला बोलू, तिच्या आधाराने काढली.

दोन वर्षांनी चाचांचा थोरला दुकानात आला. केस पिकलेले. घर विकलं नव्हतं, कारण बहिणीने सही दिली नव्हती आणि बोलणंही टाकलं होतं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"भाऊ, मुन्नीले तुमच्या दुकानातून लिहा," तो म्हणाला. "माह्यं ती उघडत नाई. पोरीचं लग्न आहे, फुफी नसन तं कसं दिसते."

"तुमी काऊन नाई फोन करत?"

"आवाज ऐकला का ठेवते." तो खुर्चीवर बसला, तीन नंबरच्या. "पहिल्या डावाले मी लिहिलं होतं, भाऊ. दवाखान्याचं. ते पाप माह्यं. पण अब्बा खरंच गेले त्या टाईमाले मी काई लिहिलं नव्हतं. ते कोणी लिहिलं, खुदा जाने. कोण मानते माह्यं आता?"

त्याच्या हातात लग्नाची पत्रिका होती, आजकालची, चकचकीत, कॉम्प्युटरवर केलेली. मी ती घेतली आणि त्याला जायला सांगितलं. पाठवतो म्हटलं.

मग मी तीन नंबरवर बसलो. दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती. भिंतीवर पेन्सिलीचे आकडे होते. रंग देताना मी रंगाऱ्याला तेवढी वीतभर जागा सोडायला लावली होती. पत्र दुकानाच्या पत्त्यावरून जाणार होतं, आणि ते तिने उघडावं, खरं मानावं, म्हणून मी डाव्या हाताने बटण धरलं आणि उजव्याने चार आकडे मारले. पहिल्याच वेळी काटा आला. जिथे जिथे थ होता तिथे घातला. आधी लग्नाची तारीख घातली, मग लिहिलं की शेवटचं पत्र मी लिहिलं. तुझ्या अब्बांनी त्यांच्या अक्षरात लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही, आणि लिहिलं म्हणून सांगितलं. ते तू वाचून आली नाहीस असं समजून गेले. तुझा भाऊ त्या दिवशी इथे नव्हता.

तीन दिवसांनी उत्तर आलं. साध्या इंग्रजीत, चार ओळी. मी दोनदा वरून खाली पाहिलं, एकही काटा नव्हता. पत्र मिळालं. भाईजानला फोन केला. लग्नाला येते. आणि शेवटची ओळ अशी, ते अक्षर आम्हा दोघांचं होतं, भाऊ, तुम्ही ते पुन्हा वापरू नका.

ती लग्नाला आली. भावाच्या दारात उभी राहून पाहुण्यांचं करत होती, असं मी लांबून पाहिलं. दुकानात आली नाही. मी तिच्या जागी असतो तर आलो असतो, आणि ओरडलो असतो. मला ओरडणं चाललं असतं.

आता दुकानात तो धंदा राहिला नाही. मोबाईलवर सगळं होतं. तीन नंबर खिडकीजवळ झाकून ठेवलेला आहे, खण त्याच्यावर आहे, त्यात जुळे आहेत आणि आडव्या काडीवाले आहेत. थोरल्याच्या बायकोने खिडकीतला लांब स मला आणून दिला, तोही मी त्यातच टाकला. भिंतीवरचे आकडे पुसट झालेत, पण मला पाठ आहेत. हे सगळं लिहिताना काटा कसा दिसतो ते मी शब्दांत सांगितलं. काढून दाखवला नाही.